निरोप्याची अमानत

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी दस्तरखानावर एक प्रश्न आला आणि जेवण अर्धा तास लांबले. आमची मुलगी माहेरी आली होती. तिचा धाकटा मुलगा चौथीत शिकतो आणि संध्याकाळी मकतबला जातो. तिथे त्याला दीनियातचे एक इंग्रजी पुस्तक मिळाले आहे. त्यात 'रसूल' या शब्दापुढे 'मेसेंजर' असा अर्थ दिलेला आहे. तोंडातला घास तसाच ठेवून त्याने विचारले, "नाना, रसूल म्हणजे मेसेंजर. मग आपाच्या मोबाईलमध्ये मेसेंजर आहे, तो कोण?"

त्याची नानी दचकली. "तोबा कर! असं बोलतात का?" आपा हसू दाबत खाली बघू लागली. पोरगा रडवेला झाला. खरे तर त्याचे काही चुकले नव्हते. एका ठिकाणी भेटलेला शब्द त्याने दुसऱ्या ठिकाणी ओळखला होता, इतकेच. आम्ही त्याला जवळ बसवले आणि म्हणालो, "बाळा, प्रश्न चांगला आहे. उत्तर जरा मोठे आहे. आधी जेवून घे."

त्या उत्तराचा विचार करताना आम्हाला बरेच काही आठवले. त्यात आमच्या स्वतःच्या लहानपणची एक गोष्टही आहे, जी सांगताना आजही मान खाली जाते. ती शेवटी सांगू. आधी शब्दांकडे पाहू.

'रसूल' हा अरबी शब्द 'पाठवणे' या अर्थाच्या मुळापासून बनला आहे. ज्याला पाठवले तो रसूल. मराठीत आपण 'प्रेषित' म्हणतो, त्याचा अर्थही नेमका तोच, पाठवलेला. रसूलाचे पद ती 'रिसालत', आणि लिहून पाठवलेला मजकूर तो 'रिसाला'. उर्दूत मासिकालाही रिसाला म्हणतात. म्हणजे तुमच्या हातात आहे तो हा अंकसुद्धा त्याच घराण्यातला झाला. घोडदळाची तुकडी तोही रिसाला आणि तिचा अधिकारी रिसालदार, हे शब्दही त्याच मुळातले. आपल्या जुन्या मराठी दफ्तरांत 'इरसाल' हा शब्द भेटतो. गावाचा वसूल वरच्या खजिन्याकडे रवाना केला की तो इरसाल.

'पैगंबर' हा फारसी शब्द. पैगाम म्हणजे निरोप आणि बर म्हणजे वाहून नेणारा. 'नबी' या शब्दाचा संबंध 'नबा' म्हणजे बातमी या शब्दाशी आहे. कुरआनच्या ७८ व्या सूरहचे नावच 'अन्-नबा' आहे. 'फरिश्ता' हाही फारसी, आणि त्याचाही मूळ अर्थ पाठवलेला. अरबीत फरिश्त्याला 'मलक' म्हणतात. हिब्रू भाषेत त्याच्या जोडीचा शब्द 'मलाख' म्हणजे निरोप्या, आणि इंग्रजी 'एंजल' ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचा अर्थही निरोप्याच. सूरह फातिरच्या आरंभीच फरिश्त्यांची ओळख पंख असलेले निरोपे अशी करून दिलेली आहे.

इतक्या भाषांतले इतके शब्द, पण त्यांत एक गोष्ट समान आहे. निरोप्याच्या हातात जे असते ते त्याचे स्वतःचे नसते. पाठवणारा वेगळा, ज्याला मिळायचे तो वेगळा. मधल्याच्या ताब्यात ती वस्तू थोडा वेळ असते. ज्याला आपण आपल्या भाषेत अमानत म्हणतो, ती हीच.

म्हणून कुरआनात निरोप्याच्या नावाला जोडून एक गुण पुन्हा पुन्हा येतो. सूरह शुअरा उघडून पाहा. हजरत नूह, हजरत हूद, हजरत सालेह, हजरत लूत आणि हजरत शुऐब (अलैहिमुस्सलाम) हे पाच प्रेषित आपापल्या कौमसमोर उभे राहतात आणि प्रत्येकजण स्वतःची ओळख 'रसूलुन अमीन' या दोनच शब्दांत देतो. अमीन म्हणजे विश्वासू, ज्याच्याकडे अमानत सुरक्षित राहते असा. प्रत्येकजण हेही सांगतो की या कामाचा मोबदला तो लोकांकडे मागत नाही. त्याच सूरहमध्ये वह्य घेऊन येणाऱ्या हजरत जिब्रील (अलै.) यांना 'रूहुल अमीन' म्हटले आहे. आणि ज्यांच्याकडे ती वह्य आली, त्या हजरत मुहम्मद (सल्ल.) यांना मक्केचे लोक प्रेषित्व मिळण्याच्या आधीपासूनच अल-अमीन म्हणून ओळखत होते. आणणारा अमीन, घेणारा अमीन, पुढे पोहोचवणाराही अमीन. दीन आपल्यापर्यंत आला तो अशा हातांतून.

आमच्या नातवाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथेच मिळते. फोनमधल्या मेसेंजरला आपण काय वाहून नेतो आहोत हे ठाऊक नसते. सलाम पाठवा की शिवी, तो दोन्ही सारख्याच वेगाने पोहोचवतो. रसूल तसा नसतो. आपले उलेमा नेहमी बजावतात की रसूल म्हणजे केवळ टपाल देणारा नव्हे. तो निरोप समजावून सांगतो, स्वतः त्याप्रमाणे जगून दाखवतो आणि त्यासाठी दगडही खातो. ताइफमध्ये आपल्या प्रेषितांचे (सल्ल.) पाय रक्ताने भरले होते, ते याच कामासाठी. ही उंची दुसऱ्या कोणाची असू शकत नाही. पण अमानत सांभाळण्याचा धडा मात्र आपल्यासारख्या साध्या निरोप्यांनाही तिथूनच घ्यायचा आहे.

आता थोडा इतिहास पाहू. हिजरी सन ६, म्हणजे इसवी सन ६२८. प्रेषित (सल्ल.) उमऱ्याच्या इराद्याने निघाले आणि मक्केबाहेर हुदैबिया येथे थांबले. आम्ही लढायला नव्हे, जियारतला आलो आहोत, हा निरोप घेऊन हजरत उस्मान (रजि.) यांना मक्केत पाठवण्यात आले. त्यांना परतायला उशीर झाला आणि छावणीत बातमी पसरली की कुरैशांनी त्यांना ठार केले. निरोप्याचा खून ही त्या काळीही साधी गोष्ट नव्हती. एका झाडाखाली सर्वांनी प्रेषितांच्या (सल्ल.) हातावर हात ठेवून बैअत केली, तीच बैअत-ए-रिजवान. पुढे कळले की बातमी खोटी होती, हजरत उस्मान (रजि.) सुखरूप होते. एका खोट्या बातमीने दोन्ही बाजूंना लढाईच्या किती जवळ नेले होते, हे इथे दिसते.

मग तह लिहायला घेतला. हजरत अली (रजि.) लिहीत होते. 'अल्लाहचे रसूल मुहम्मद' असे शब्द येताच कुरैशांचा प्रतिनिधी सुहैल बिन अम्र याने हरकत घेतली. तुम्हाला रसूल मानत असतो तर अडवले कशाला असते, असे त्याचे म्हणणे. हजरत अलींना तो शब्द खोडवेना. तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) स्वतः तो मिटवला आणि 'अब्दुल्लाहचे पुत्र मुहम्मद' असे लिहायला सांगितले. कागदावरचा किताब गेला, पण कामात फरक पडला नाही. निरोप पोहोचावा म्हणून निरोप्याने आपले नाव मागे घेतले, याहून मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

तहानंतर वाट मोकळी झाली आणि प्रेषितांनी (सल्ल.) राजांना पत्रे धाडली. शिक्का नसलेले पत्र राजे स्वीकारत नाहीत असे सांगण्यात आले, तेव्हा चांदीची अंगठी करवली. तिच्यावर तीन ओळींत तीन शब्द होते: मुहम्मद, रसूल, अल्लाह. हजरत दिह्या कल्बी (रजि.) रोमच्या कैसरकडचे पत्र घेऊन गेले. हजरत अब्दुल्लाह बिन हुजाफा (रजि.) इराणच्या किस्राकडे गेले आणि त्याने ते पत्र फाडून टाकले. बुसराच्या अधिकाऱ्याकडे निघालेले हजरत हारिस बिन उमैर (रजि.) यांना तर वाटेतच ठार करण्यात आले. मुअताची लढाई झाली ती त्यावरून. उलट, नबीपणाचा खोटा दावा करणाऱ्या मुसैलिमाची माणसे मदिन्यात आली आणि तोंडावर उर्मट बोलली, तरी प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना जिवंत परत पाठवले, कारण निरोप्याला मारायचे नाही हा रिवाज त्यांनी पाळला. आज देशोदेशींच्या वकिलातींना जे संरक्षण असते, त्यामागे हाच जुना विचार आहे.

आपल्या दख्खनच्या मातीतही निरोप्यांचे पाय उमटलेले आहेत. इब्न बतूता १३३३ मध्ये हिंदुस्थानात आला, तेव्हा सुलतान मुहम्मद तुघलकाचे राज्य होते. त्याने इथल्या टपालाचे वर्णन केले आहे. एक घोड्यांचे टपाल आणि दुसरे पायी धावणाऱ्यांचे. पायी टपालाची दर मैलाला तीन ठाणी असत. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात टोकाला तांब्याची घुंगरे बांधलेली काठी. घुंगरांचा आवाज आला की पुढच्या ठाण्यावरचा माणूस कंबर कसून तयार राही. सुलतान दौलताबादला असताना त्याच्यासाठी गंगेचे पाणीसुद्धा याच वाटेने, चाळीस दिवसांच्या अंतरावरून येत असे, असे तो लिहितो. पुढे मराठेशाहीत जासूद आणि हरकारे आले. महत्त्वाच्या कामाला जासुदांची जोडी पाठवत, म्हणजे एकाला काही झाले तर दुसरा पोहोचेल. 'जासूद' हा मूळचा 'जासूस'. एकाच शब्दात हेर आणि निरोप्या दोन्ही. दोघांमधला फरक तेवढ्या त्या माणसाच्या इमानाचा.

आमच्या कोकणातल्या घरांनी तर निरोप्यांच्या वाटेकडे डोळे लावूनच दिवस काढले. आधी जहाजावर गेलेले आणि नंतर कुवेत, दुबई, मस्कतला गेलेले पुरुष. गावी कोणी परत आला की त्याच्या सामानात दहा घरांची पाकिटे असायची. पुढे टेपरेकॉर्डर आले, तेव्हा कॅसेट येऊ लागल्या. एका बाजूला मियाँचे बोलणे, दुसऱ्या बाजूला बीबीने भरून पाठवायचे. ज्यांना लिहिता येत नव्हते त्या आयांनी मुलाचा आवाज कानाशी धरून ऐकलेला आम्ही पाहिला आहे. कॅसेट आणणारा माणूस ती कधी लावून ऐकत नसे. ऐकायला कोणी अडवणारे नव्हते, पण ती त्याची नव्हती.

पोस्टमन सायकलवरून आला की बरे वाटायचे आणि तारवाला आला की चुलीजवळच्या बाईचे हात थांबायचे. तार उघडण्याआधीच रडणे सुरू व्हायचे. कधी निघायचे, 'मुलगा झाला.' १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. आता चांगली-वाईट सगळी खबर एकाच आवाजात खिशात वाजते.

आणि हजची ती वही आठवते का? मोहल्ल्यातून कोणी हजला निघाले की बाया एकेक करून येतात. "मदिन्याला गेलात की माझा सलाम पोहोचवा." हाजी वहीत नावे लिहून घेतो. आमचे उलेमा सांगतात की सलाम पोहोचवतो असे एकदा कबूल केले की ती अमानत झाली, ती विसरून चालत नाही. सलामच्या निरोपाचा मान केवढा, हेही हदीसमधून कळते. हजरत जिब्रील (अलै.) यांनी हजरत खदीजा (रजि.) यांना त्यांच्या रबचा सलाम आणला होता. आणि कोणी दुसऱ्याचा सलाम आणला तर जवाबात आणणाऱ्यालाही सामील करायचे, 'तुमच्यावरही आणि त्यांच्यावरही सलाम', अशी सुन्नत आहे. निरोप्याला इतका सुंदर मोबदला दुसरीकडे कुठे मिळत असेल!

निरोपे आपल्या शरीरातही आहेत, हे करोनाच्या काळात सगळ्यांनी ऐकले. पेशीच्या मध्यभागी जी मूळ लिखावट असते तिची नक्कल काढून ती प्रथिने बनवण्याच्या जागी नेणारा जो रेणू, त्याला 'मेसेंजर आरएनए' म्हणतात. काम झाले की तो विरघळून जातो. याच्या आधाराने लशी बनल्या आणि त्यामागच्या शोधासाठी कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल मिळाले. इथेही एका अक्षराची किंमत किती असते पाहा. विदर्भात अनेक घरांना छळणारा सिकलसेल हा आजार रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लिखावटीत एकच अक्षर बदलल्यामुळे होतो. एक अक्षर चुकले आणि आयुष्यभराचे दुखणे मागे लागले.

बाहेरच्या जगात अक्षर चुकले तर काय होते? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, पाच माणसे मारली गेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ही माणसे भिक्षा मागत फिरणारी. मुले पळवणारी टोळी आली आहे अशा अफवा त्या दिवसांत फोनवरून फिरत होत्या. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला असेल, त्यांतल्या कितीतरी जणांनी तो काळजीपोटीच ढकलला असेल. 'आपली पोरे सांभाळा' एवढेच त्यांना सांगायचे असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण पाच ठिकाणेही काही थोडी नव्हेत.

आपल्याला तर ही मर्यादा चौदाशे वर्षांपूर्वीच घालून दिलेली आहे. सूरह हुजुरातमध्ये हुकूम आहे की भरवसा नसलेल्या माणसाने खबर आणली तर आधी तपास करा, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान कराल आणि मागाहून पस्तावाल. तफसीरकार त्यामागची घटना सांगतात. एका कबिल्याकडे जकात गोळा करायला गेलेला माणूस त्यांना सामोरे येताना पाहून घाबरला, अर्ध्या वाटेतून परतला आणि त्यांनी नकार दिला असे सांगून मोकळा झाला. ते लोक तर त्याच्या स्वागताला येत होते. सूरह नमलमध्ये हजरत सुलैमान (अलै.) यांचा किस्सा आहे. हुदहुद पक्षी सबाच्या राणीची खबर घेऊन आला. हजरत सुलैमान (अलै.) यांनी लगेच फौज काढली नाही. तू खरे बोलतोस की खोटे ते पाहू, असे म्हणून त्याच्याकडे पत्र दिले आणि जवाब काय येतो ते पाहिले. एवढे मोठे बादशाह आणि नबी खबरीची पडताळणी करतात, आणि आपण चहाचा घोट घेता घेता दहा जणांना ढकलून देतो. ऐकलेले सगळेच पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशा अर्थाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तीसुद्धा आपण फॉरवर्डच करतो.

आता आमची गोष्ट.

आम्ही दहा वर्षांचे होतो. घरी धाकट्या भावाचा अकीका होता. आमची फुफी खाडीपलीकडच्या गावात राहायची. त्या वर्षी फुफांचे जहाजावरचे काम सुटले होते, दिवस ओढीचे होते. फुफीचा पायही सुजलेला असायचा. दादीने आम्हाला बोलावले आणि म्हणाली, "फुफीला सांग, जुम्माला अकीका आहे, पोरांना घेऊन ये. पाय फारच दुखत असेल तर येऊ नकोस, हिस्सा आम्ही पाठवून देऊ." तीनदा म्हणवून घेतले. आम्ही तीनदा बरोबर म्हटले.

तरीवाल्याने त्या दिवशी आमच्या हातात वल्हे दिले. पहिल्यांदाच. पलीकडे उतरलो तेव्हा डोक्यात फक्त वल्हेच होते. फुफी अंगणात तांदूळ पाखडत होती. आम्ही धापा टाकत म्हणालो, "जुम्माला अकीका आहे. दादी म्हणाली, येऊ नकोस, हिस्सा पाठवून देऊ."

फुफीच्या हातातले सूप थांबले. "बरं," एवढेच ती म्हणाली. आत जाऊन गुळाचा खडा आणून दिला आणि पुन्हा पाखडू लागली.

जुम्माला फुफी आली नाही. हिस्सा पाठवला, तो दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा परत आला. अकीक्याचा हिस्सा गरिबांच्या घरी पाठवतात. फुफीला वाटले, आपले दिवस फिरले म्हणून माहेरानेही आपल्याला दारावरच्या गरिबांत बसवले. दादीला वाटले, लेकीने घरचा हिस्सा झिडकारला. दोघीही मानी. एकीने विचारले नाही, दुसरीने सांगितले नाही. सात वर्षे खाडीची तर रोज चालत होती, पण या दोघी भेटल्या नाहीत. फुफी आमच्या घराचा उंबरा चढली ती दादीच्या जनाज्याला.

चाळिसाव्याच्या दिवशी ती आमच्या अम्मीजवळ बसून म्हणाली, "अम्मानंच तर निरोप धाडला होता, येऊ नकोस म्हणून." आम्ही दारात पाण्याची कळशी घेऊन उभे होतो. तेव्हा सतरा वर्षांचे होतो. त्या क्षणी सगळे आठवले: वल्हे, सूप, गुळाचा खडा, आणि गिळलेले ते शब्द. 'पोरांना घेऊन ये' आणि 'पाय फारच दुखत असेल तर'. त्या शब्दांत सगळे बोलावणे होते.

आम्ही तेव्हाही बोललो नाही. हिंमत झाली नाही. आणखी दोन वर्षे गेली. मुंबईला नोकरी लागली आणि फुफीचा निरोप घ्यायला गेलो. मराठीत 'निरोप' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत, सांगणे आणि जाणे. त्या दिवशी आम्ही दोन्ही केले. नऊ वर्षांपूर्वीचा निरोप पूर्ण सांगितला. रागावेल, रडेल, घराबाहेर काढेल, असे वाटले होते. ती बराच वेळ खाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे अम्मानं मला बोलावलं होतं?" आम्ही म्हणालो, "हो फुफी, पोरांसकट." तिने पुन्हा तेच विचारले. मग पदराने डोळे पुसून आत गेली आणि आमच्यासाठी भाकरी थापायला बसली.

निरोप पोहोचला, पण पाठवणारी कबरीत होती. तिला जवाब मिळाला नाही. आज साठी उलटली तरी वाटते, त्या जवाबाचे देणे आमच्यावर आहे.

हजच्या त्या शेवटच्या दिवसांत प्रेषितांनी (सल्ल.) जो खुतबा दिला, त्याला मराठीत 'निरोपाचे प्रवचन' म्हणतात. हिजरी सन १०, इसवी सन ६३२. तिथेही निरोपाचे दोन्ही अर्थ एकत्र आले. लोकांना त्यांनी विचारले, मी पोहोचवले ना? लोकांनी साक्ष दिली, तेव्हा बोट आकाशाकडे उंचावून अल्लाहला साक्षी ठेवले. मग सांगितले की जे हजर आहेत त्यांनी हजर नसलेल्यांपर्यंत हे पोहोचवावे. आयुष्यभर निरोप पोहोचवणाऱ्याला शेवटी चिंता होती ती एवढीच, पूर्ण पोहोचला की नाही. आपणही ज्याचा निरोप घेतला असेल त्याच्याबाबत हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. मी पोहोचवला का? त्यात घातले काय? त्यातले गाळले काय?

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरांत जे रुसवे वर्षानुवर्षे चालतात, सासर-माहेरात जी गाठ बसते, तिच्या मुळाशी कितीदा तरी एखादा अर्धा निरोप असतो. 'ती असं म्हणाली' आणि 'ती तसं म्हणाली'. तुमच्यापर्यंत असा निरोप आला असेल तर आणणाऱ्यावर थांबू नका. स्वतः उठून विचारा, "तुम्ही मला बोलावलं होतं का?" आणि तुमच्याकडे कोणाचा पोहोचवायचा राहिलेला निरोप असेल, एखादा सलाम, माफीचा शब्द, मयत माणसाने सांगितलेले देणेघेणे, तर तो आज पोहोचवा. पाठवणारा आणि घेणारा दोघे हयात असतील तर तुम्ही आमच्यापेक्षा नशीबवान आहात.

नातवाचे काय झाले ते सांगून थांबतो. जेवण झाल्यावर आम्ही त्याला म्हणालो, "फोनमधला मेसेंजर हा नुसता डबा आहे, माणूस त्यात भरेल ते तो नेतो. रसूल हे अल्लाहचे अमीन. आणि तू आज आमचा छोटा निरोप्या हो." शेजारच्या खालांकडे त्याला पाठवले. निरोप असा: "नानींनी सलाम सांगितला आहे, शिरखुर्म्याचे भांडे परत द्यायला उशीर झाला त्याबद्दल माफ करा, आणि गुडघा बरा असेल तर संध्याकाळी या, नसेल तर नानीच येतील."

जिन्यात तो मोठ्याने घोकत उतरत होता. आम्ही कान देऊन ऐकत होतो. 'गुडघा बरा असेल तर' हे शब्द त्याने गाळले नाहीत. थोड्या वेळाने परत आला, छाती फुगवून उभा राहिला आणि म्हणाला, "खाला म्हणाल्या, तुझ्यावरही आणि नानीवरही सलाम. आणि गुडघा बरा आहे, त्या येतायत."

अल्लाह आपल्या सर्वांना अमीन निरोपे बनवो, आणि आपल्याकडून गळलेले शब्द वेळेवर आठवून देवो. आमीन.